जोखीम कोणाची, हे शब्दांतून कळू द्या : मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तपत्रांचे व वृत्तवाहिन्यांचे संपादक आणि अर्थ, शेती, हवामान व आरोग्य या विषयांवर लिहिणारे त्यांचे सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

विमा, कर्ज आणि गुंतवणूक यांची कागदपत्रे मराठीत आणण्याचे काम मी करते. ज्या शब्दांशी माझी रोज गाठ पडते, तेच शब्द तुमच्या पानांवरही रोज छापले जातात : जोखीम, धोका, पैज, सट्टा, जुगार, वायदा, शक्यता, अनिश्चितता. माझ्या कागदावर त्यांतला एखादा चुकला तर एखाद्या कुटुंबाचा दावा अडून राहू शकतो, त्यामुळे मला प्रत्येक शब्दापाशी थांबावेच लागते. तुमच्या मथळ्यात तो चुकला तर दुसऱ्या दिवशी कोणी तक्रार घेऊन येत नाही, पण तोच शब्द मनात धरून कोणी पेरणी करतो, कोणी औषध बंद करतो, कोणी निवृत्तीचे पैसे घालवून बसतो. म्हणून हे पत्र एका संपादकाला न लिहिता सर्वांना उघडपणे लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. पुढे काय होईल हे ठाऊक नसताना जेव्हा काही पणाला लागते, तेव्हा वाचकाला बातमीतून निदान एवढे कळले पाहिजे की पणाला काय लागले, ते कोणाचे आहे, आणि ही जोखीम मुळात होतीच की कोणी ती मुद्दाम उभी केली. मराठीतले जुने शब्द हे सांगण्यास पुरेसे आहेत. अलीकडे मात्र आपण ते सर्रास एकाच्या जागी दुसरा असे वापरतो. त्यामुळे ज्याच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता तो जुगारी ठरतो, आणि जो खरोखर जुगार चालवतो त्याचा व्यवसाय 'उद्योगक्षेत्र' म्हणून छापला जातो.

आयुर्विम्याच्या पॉलिसीत एक रकाना असतो. मराठी प्रतीत तिथे 'जोखीम सुरू होण्याची तारीख' असे शब्द येतात. एका वयस्कर बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवून मला विचारले होते, "ताई, या तारखेपासून माझ्या जिवाला धोका आहे, असं लिहिलंय का यात?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. रकान्याचा अर्थ नेमका उलटा आहे. बाईंच्या मृत्यूमुळे घरावर जे आर्थिक संकट येईल त्याचा भार त्या दिवसापासून कंपनीने उचलला, एवढेच त्यातून सांगायचे असते. पण छापलेल्या ओळीतून जोखीम कोणाची आणि ती कोणी उचलली, हे दोन्ही गळून गेले आहे. 'कंपनीने जोखीम स्वीकारल्याची तारीख' असे लिहिले असते तरी बाईंना तो प्रश्न पडला नसता.

धोका आणि जोखीम यांतला फरक त्यांच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांत चांगला दिसतो. धोका असतो, वाढतो, संभवतो, टळतो. दरड कोसळण्याचा धोका सांगताना कोणी काही केलेले असावे लागत नाही. जोखीम मात्र घेतली जाते, पत्करली जाते, उचलली जाते, कधी दुसऱ्याच्या गळ्यात घातली जाते. म्हणजे हा शब्द वाक्यात आला की कर्ता मागतोच. जुन्या बोलण्यात प्रवासात जवळ बाळगलेल्या दागदागिन्यांना आणि रोकडीलाही जोखीम म्हणत : 'बरोबर जोखीम आहे, रात्रीचे निघू नका.' जे गमावले जाऊ शकते आणि जे सांभाळण्याची जबाबदारी कोणावर तरी आहे, ते सगळे या एका शब्दात येत होते. पश्चिम भारताच्या सागरी व्यापारात 'जोखमी हुंडी' नावाचा एक प्रकार होता. जहाजावर चढवलेल्या मालाच्या पोटी लिहिलेली ही हुंडी माल मुक्कामाला सुखरूप पोहोचला तरच वटायची. जहाज बुडाले तर हुंडी घेऊन आगाऊ पैसे देणाऱ्याची रक्कमही मालाबरोबर बुडायची. कर्ज आणि विमा एकाच कागदात सामावले होते आणि जोखीम कोणाच्या अंगावर आहे, हे त्या कागदाच्या नावावरूनच व्यवहारातल्या सगळ्यांना समजत होते.

आता आजची बातमी पाहा. एखाद्या पतसंस्थेने पुरेसे तारण न घेता कर्जे वाटली आणि ती बुडीत निघाली की मथळा येतो, 'ठेवी धोक्यात'. ते खोटे नाही. परंतु धोका म्हटला की तो दरडीसारखा आपोआप येऊन कोसळल्यासारखा वाटतो. 'संचालकांनी ठेवीदारांच्या पैशांवर जोखीम घेतली' असे लिहिले की वाचकाची नजर आपसूक संचालकांकडे वळते. सहकारी बँकेतील ठेवीला ठेव विम्याचे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे; पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. ज्या ठिकाणी ठेवीदाराच्या पाठीशी कोणीच उभे नाही, तिथे तरी जोखीम कोणी घेतली आणि कोणाच्या जिवावर घेतली, हे स्पष्ट लिहिले जावे, अशी माझी अपेक्षा आहे.

मला सर्वांत जास्त खटकतो तो 'शेती म्हणजे पावसावरचा जुगार' हा वाक्प्रयोग. तो वर्षानुवर्षे अग्रलेखांत येतो, सहानुभूतीनेच येतो, आणि तरीही मला तो शेतकऱ्यावर अन्याय करणारा वाटतो. जुगारात जी जोखीम असते ती खेळ मांडण्यापूर्वी जगात नसते. पत्ते पिसले नाहीत तर कोणाचेच काही जात नाही; पैसे लावले गेले म्हणून ती जन्माला येते आणि डाव संपला की नाहीशी होते. पावसाचे तसे नाही. पाऊस लांबण्याची जोखीम पेरणी करणाऱ्याने निर्माण केलेली नाही, आणि त्याने पेरणीच केली नाही तरी ती संपत नाही, कारण मग खायला काय हा प्रश्न त्याच्यासमोर आणि आपल्यासमोरही उभा राहतो. जी जोखीम सगळ्या समाजाची आहे ती एका माणसाने स्वतःच्या अंगावर घेतलेली असते. त्याला जुगारी म्हटले की त्याचे नुकसान हे त्याच्या हौसेचे फळ ठरते, आणि भरपाईची मागणी ही हरलेल्याची रड ठरते. अग्रलेख लिहिणाऱ्याच्या मनात असे काहीही नसते, हे मला मान्य आहे. शब्द मात्र ते काम करून जातो.

या संदर्भात विमा आणि पैज यांच्यामधली सीमा कशी आखली गेली, हे पाहण्यासारखे आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ज्याच्याशी काही संबंध नाही अशा माणसाच्या आयुष्यावर विमा उतरवण्याची चाल पडली होती. नामांकित व्यक्ती आजारी पडली की ती जगेल की मरेल यावर पैसे लागत, आणि कागद मात्र विम्याचा असे. १७७४ च्या कायद्याने हे थांबवले : ज्याच्या जगण्यात तुमचे स्वतःचे हित गुंतलेले नाही, त्याच्या आयुष्याचा विमा तुम्हाला घेता येणार नाही. कागद तोच, हप्ता तोच, अनिश्चितताही तीच. फरक फक्त एवढा की विमा घेणाऱ्याची जोखीम आधीपासून होती की नव्हती. आपल्याकडे भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो आणि पैजेत जिंकलेल्या पैशासाठी दावा लावता येत नाही. विम्याचा दावा मात्र न्यायालयात चालतो. पैजेतून नवी जोखीम उभी राहते आणि विम्यातून असलेली जोखीम अनेकांत वाटली जाते, हा फरक कायद्याने इतका जुना मानला आहे.

तरीही पीक विम्याच्या बातम्यांत 'विमा लागला', 'लाभार्थी शेतकरी', 'विम्याची लॉटरी' असे शब्द येतात. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्या मूळ रचनेत खरिपाच्या अन्नधान्य व तेलबिया पिकांसाठी विमा संरक्षित रकमेच्या कमाल २ टक्के, रब्बीसाठी १.५ टक्के आणि नगदी व बागायती पिकांसाठी ५ टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा आणि उरलेला केंद्र व राज्य सरकारांनी, असे ठरले. योजनेत त्रुटी असतील, त्यांवर जरूर लिहावे. पण पीक गेल्यावर खात्यात आलेली रक्कम ही नुकसानभरपाई आहे. शेतकऱ्याचे काही गेले म्हणून ती आली. तिला लॉटरी म्हणणे म्हणजे घराला आग लागलेल्याला नशीबवान म्हणणे.

शेअर बाजाराच्या बातम्यांत उलटी गोष्ट घडते. तिथे कठोर शब्द हवा तिथे मवाळ शब्द येतो. कंपनीचे शेअर वर्षानुवर्षे बाळगणारा, वायद्याने आपल्या मालाचा भाव आधीच बांधून घेणारा व्यापारी आणि सकाळी ऑप्शन (ठरलेल्या भावाने पुढे खरेदी किंवा विक्री करण्याचा हक्क) घेऊन दुपारी विकणारा तरुण, या तिघांनाही आपण 'गुंतवणूकदार' म्हणतो. पहिल्याची कमाई कंपनीच्या कमाईतून येते. तो चुकू शकतो, पण कंपनी वाढली तर सगळेच भागधारक एकदम फायद्यात राहू शकतात. दुसरा स्वतःजवळची जोखीम दुसऱ्याकडे सोपवतो. तिसरा ती जोखीम नफ्याच्या आशेने अंगावर घेतो, आणि तिथे एकाचा नफा हा दुसऱ्याचा तोटाच असतो. दलाली आणि कर वजा जाता सगळ्यांची मिळून बेरीज शून्याच्याही खाली राहते. या तिसऱ्या कामाला मराठीत सट्टा हा सरळ शब्द आहे. त्यात शिवी नाही. बाजारात सट्टेबाज नसेल तर जोखीम सोपवू पाहणाऱ्या व्यापाऱ्याला समोर घेणारा मिळणार नाही, आणि हे त्याचे काम उपयोगाचे आहे. मात्र त्याला गुंतवणूक म्हटल्याने काय होते, ते आकड्यांत दिसते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स (वायदे) आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. 'गुंतवणूकदारांचे इतके कोटी बुडाले' असा मथळा देताना यांतले गुंतवणूकदार किती आणि सट्टा करणारे किती, हे वेगळे करता आले असते, तर पुढच्या माणसाला आपण कुठे शिरतो आहोत याची कल्पना आली असती.

व्यापार आणि फासे यांची जवळीक काही आजची नाही, म्हणूनच इथे काळजी जास्त घ्यावी लागते. पाणिनीने 'व्यवहृपणोः समर्थयोः' या सूत्रात व्यवहार करणे आणि पण लावणे ही दोन क्रियापदे समानार्थी असतात तेव्हाचा नियम सांगितला आहे, आणि टीकाकारांनी ती समानता द्यूत व खरेदीविक्री अशा दोन्ही ठिकाणी दाखवली आहे. आपला 'पणाला लावणे' हा प्रयोग त्याच घराण्यातला. शब्द इतके शेजारी राहतात की पाऊल सहज पलीकडे पडते. पण आपल्या बाजारानेच त्यांच्यामध्ये बारीक बारीक भेद करणारी भाषा घडवली होती, आणि ती कायद्यापर्यंत पोहोचली. प्रतिभूती करार (विनियमन) अधिनियम, १९५६ या इंग्रजीत लिहिलेल्या केंद्रीय कायद्यात ऑप्शनची व्याख्या करताना तेजी, मंदी, तेजी-मंदी आणि गली हे शब्द जसेच्या तसे घेतले आहेत. संसदेने जे शब्द इंग्रजी कायद्यात ठेवले, ते मराठी अर्थपानावरून गेले आणि त्यांच्या जागी 'कॉल' (घेण्याचा हक्क) व 'पुट' (विकण्याचा हक्क) आले. मी इंग्रजी शब्दांच्या विरोधात नाही. वाचकाला कॉल-पुट कळत असतील तर तेच ठेवावेत. मात्र ज्याला ते कळत नाहीत त्याला एका ओळीत समजावण्याची सोय आपल्या भाषेत आहे. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली, ही म्हण ऑप्शन विकत घेणाऱ्याला बरीचशी लागू पडते, कारण त्याचे नुकसान भरलेल्या रकमेपुरतेच असते. ऑप्शन विकणाऱ्याला मात्र ती लागू पडत नाही. त्याच्या नुकसानीला काही वेळा वरची मर्यादाच नसते. एवढा एक फरक जरी 'ऑप्शनमधून महिन्याला कमाई' अशा धर्तीच्या लेखांत ठळकपणे आला, तरी अनेक घरे वाचतील.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांविषयी आता कायद्याचीच भाषा बदलली आहे, ती तुमच्या पानांवर यावी. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले होते. त्याच कायद्याने कापसाच्या बाजारभावाच्या आकड्यांवर आणि पाऊस पडेल की नाही, पडला तर किती, यांवर चालणारे अड्डेही जुगाराच्या व्याख्येत आणले. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी रस्त्यावर काय चालते ते नीट पाहिले होते. पुढे वर्षानुवर्षे सगळा वाद कौशल्य की नशीब, याच प्रश्नाभोवती फिरत राहिला, आणि 'हा कौशल्याचा खेळ आहे' हे वाक्य जाहिरातींतून बातम्यांत शिरले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय कायद्याने तो प्रश्न बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोन्हींचा, पैसे मिळण्याच्या अपेक्षेने पैसे भरून तो ऑनलाइन खेळला जात असेल तर तो 'मनी गेम', आणि त्याला बंदी. कायद्याने पाहिले ते पणाला काय लागले याकडे. तरीही बंदीच्या बातम्यांत 'गेमिंग उद्योगाला फटका' असे मथळे देताना बुद्धिबळाचे ॲप, लढाईचा व्हिडिओ गेम आणि पैसे लावायची रमी एकाच पिशवीत टाकली गेली. ज्या घरात कर्ज काढून पैसे लावले गेले, त्या घराला तुम्ही 'गेमिंग' म्हणून काय सांगता आहात, याचा विचार व्हावा.

निवडणुका आल्या की 'सट्टाबाजाराचा कौल' अशा बातम्या येतात. कौल मतदार देतात. सट्टेवाला देतो तो भाव, आणि त्या भावात त्याचा स्वतःचा वाटा असतो. समजा एका उमेदवाराचा भाव ३० पैसे आहे, म्हणजे रुपया लावला तर जिंकल्यावर वर ३० पैसे मिळतील. हा भाव सुमारे ७७ टक्के शक्यतेचा होतो. प्रतिस्पर्ध्याचा भाव ३ रुपये असेल तर तो २५ टक्क्यांचा. बेरीज १०२ झाली. शंभराच्या वरचे दोन बुकीच्या खिशात जाणार. शिवाय कोणी मोठी रक्कम एका बाजूला लावली की भाव हलतो, मतदाराचे मन हलले नाही तरी. बेकायदा धंद्याच्या दरपत्रकाला कौल म्हणून पहिल्या पानावर मानाची जागा देणे मला अतिशय अयोग्य वाटते, आणि हा प्रकार पूर्ण थांबवावा अशी माझी स्पष्ट विनंती आहे.

आता शक्यतेच्या शब्दांकडे वळते. १९२१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी जोखीम आणि अनिश्चितता वेगळ्या मानल्या : जिची शक्यता मोजता येते ती जोखीम, जिची मोजता येत नाही ती अनिश्चितता. रोजच्या मराठीत हा भेद इतका कडक पाळावा असे मी म्हणणार नाही. परंतु जिथे मोजमाप झालेले आहे, तिथे ते पुसून टाकू नये, एवढे तरी व्हावे. हवामान विभागाच्या अंदाजात 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बहुतांश ठिकाणी' असे शब्द येतात. ते सैल बोलणे नाही. पावसाची व्याप्ती सांगणारी ही श्रेणी आहे. एखाद्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक', त्यापुढे ५० टक्क्यांपर्यंत 'काही', आणि अशीच ती चढत जाते. हे शब्द साधे, मराठी आणि नेमके आहेत. बातमी संपादित होताना 'तुरळक ठिकाणी मध्यम पावसाची शक्यता' याचे 'पुढील दोन दिवस पाऊस झोडपणार' असे होते. पाऊस आला नाही की दोष हवामान विभागाच्या माथी जातो, आणि ज्याने त्या मथळ्यावर विसंबून पेरणी उरकली त्याचे बियाणे वाया जाते. 'यलो' आणि 'ऑरेंज' इशाऱ्यांचेही तेच. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे कृती करा. हा अर्थ बातमीत दर वेळी एका वाक्यात द्यायला जागा फारशी लागत नाही.

आरोग्याच्या पानावर 'धोका दुप्पट' हे दोन शब्द मला सर्वांत घातक वाटतात. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुपटीने वाढतो. बातम्यांनी दुप्पट हा शब्द उचलला. मूळ आकडे होते सात हजार स्त्रियांमागे एक, ते झाले सात हजारांमागे दोन. घाबरून अनेकींनी गोळ्या एकदम बंद केल्या आणि पुढील वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाल्याचा अंदाज नंतर मांडला गेला. गुठळीचा धोका तर गरोदरपणातही असतो, आणि तो त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो. 'सात हजारांत एकीऐवजी दोघींना' असे लिहिले असते तर बातमी खरीही राहिली असती आणि वाचणाऱ्या स्त्रीला स्वतःचा निर्णय शांतपणे घेता आला असता. कर्करोग, लस, हृदयविकार यांच्या बातम्या लिहिताना दुप्पट-तिपटीच्या आधी मूळ संख्या द्यावी, हा नियम उपसंपादकाच्या टेबलावरच पाळता येण्यासारखा आहे.

राजकारणाच्या पानांबद्दल थोडेच लिहिते, कारण तिथे दोष शब्दांपेक्षा सवयीचा आहे. मंत्र्याने एखादा निर्णय पुरेशी तयारी न करता घेतला की 'धाडसी जुगार' किंवा 'मोठी खेळी' असे म्हटले जाते. जुगारी निदान स्वतःचे पैसे लावतो. सार्वजनिक तिजोरीवर जोखीम घेणाऱ्याच्या धाडसाचे वर्णन करण्याआधी, फसले तर कोणाचे जाईल, हे त्याच परिच्छेदात यावे.

या शब्दांसाठी नवा कोश करा किंवा समिती नेमा, असे मी म्हणत नाही. तुमच्या प्रत्येकाच्या कचेरीत शैलीपुस्तिका असते, निदान ज्येष्ठ उपसंपादकाच्या डोक्यात तरी असते. तिच्यात एका पानाची भर घाला. जिथे कर्ता आहे तिथे धोक्याऐवजी जोखीम लिहा आणि कर्त्याचे नाव त्याच वाक्यात द्या. शेतीला जुगार म्हणू नका. विम्याच्या रकमेला भरपाई म्हणा. काही दिवसांच्या किंवा काही तासांच्या ऑप्शनच्या व्यवहाराला गुंतवणूक म्हणू नका. सट्टा हा शब्द जड वाटत असेल तर नुसते 'व्यवहार' म्हणा, पण गुंतवणूकदाराच्या रांगेत त्याला बसवू नका. हवामान विभागाचा शब्द बदलायचा असेल तर त्याच श्रेणीतला शब्द घ्या. हे पान तयार करताना विमा, बाजार किंवा हवामान यांतल्या एखाद्या शब्दावर अडले, तर मदत करायला मी आणि या कामातले माझे सहकारी विनामोबदला तयार आहोत. खरिपाच्या पेरणीआधी, म्हणजे पाऊस, पीक विमा आणि कर्ज यांच्या बातम्या एकदम सुरू होण्याच्या आत, ते पान तुमच्या उपसंपादकांच्या हाती पडावे, एवढी विनंती आहे.

कळावे.

आपली,
एक वाचक व अनुवादक